दगडाला पाय, अस्वलाला नमस्कार

मी कर्लिंग क्लबात भरती झालो ते दहा अंड्यांमुळे.

अंडी खाऊन अंगात ताकद आली, असा काही प्रकार नव्हे. अंडी हातात होती आणि मी घसरलो, एवढंच. डिसेंबरातली दुपार होती. सुपरमार्केटमधून दहा अंड्यांचा डबा घेऊन घरी येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थोडा उतार आहे, आणि त्या उतारावर बर्फाची अगदी काच झाली होती. माझा डावा पाय पुढे गेला, उजवा मागेच राहिला आणि मी त्या दोघांच्या मध्ये, बुडाखाली टाच, नाकासमोर अंडी अशा अवस्थेत थेट न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेलो. चांगलं पंधरा-वीस पावलांचं अंतर! दुकानाच्या दारात थांबलो. (थांबलो म्हणजे दार आलं.) डबा उघडून पाहिला, तर दहाच्या दहा शाबूत.

दुकानाचे मालक कुदो-सान काचेआडून हे सगळं बघत होते. पंचाहत्तरीचे गृहस्थ, हातात वस्तरा, आणि मागे खुर्चीत गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून बसलेलं. ते बाहेर आले. मला वाटलं, आता हात देऊन उठवतील. त्यांनी उठवलं नाही. माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागे ताणलेला माझा उजवा पाय नीट निरखला आणि गंभीरपणे विचारलं, "परत एकदा करून दाखवता?"

आम्ही त्या गावात नवे होतो. त्याआधी नऊ वर्षं टोकियोत, फुनाबोरीत काढली. तिथे लिफ्टमध्ये मराठी कानावर पडायचं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे मिळायचे. मग बायकोला, म्हणजे मृदुलाला, होक्काइदोतल्या एका कांदा संशोधन केंद्रात नोकरी लागली. ती लासलगावकडची. कांद्याच्या वासाला कंटाळून शिकून जपानला आली, तर कांदा तिच्याआधी इथे येऊन बसलेला. माझं काम सॉफ्टवेअरचं, ते घरूनही होत होतं, म्हणून मुलीला घेऊन आम्ही वर उत्तरेला गेलो. मुलगी इरा चौथीत. तिला महिन्याभरात सात मैत्रिणी मिळाल्या. मृदुलाला कांदे मिळाले. मला कोणीच मिळालं नाही. ऑफिसची माणसं स्क्रीनवर दिसायची, गावातली माणसं टोपी-मफलरच्या आत असायची, आणि दिवसभरात माझं सगळ्यात मोठं संभाषण कचऱ्याच्या पिशव्या वेगळ्या करताना स्वतःशीच व्हायचं. खरं सांगतो, मला फार एकटं वाटत होतं.

त्यामुळे त्याच संध्याकाळी कुदो-सान बटाट्यांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा ते काय मागतायत हे नीट ऐकायच्या आधीच मी होकार देऊन बसलो.

मागणी अशी होती. गावाच्या कर्लिंग क्लबात त्यांचा चौघांचा संघ होता. त्यातला चौथा गडी लेकीकडे राहायला टोकियोजवळच्या उरायासुला निघून गेला होता. बर्फाची लांबलचक पट्टी असते, तिच्या एका टोकाकडून वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड घसरवत सोडायचा, दुसऱ्या टोकाला वर्तुळं काढलेली असतात, त्यांच्या मध्याशी तो नेऊन थांबवायचा. ज्याचा दगड मध्याच्या जवळ, त्याला गुण. दगड सोडताना एक पाय दुमडून, दुसरा मागे ताणून घसरत जावं लागतं. हे शिकायला लोकांना दोन वर्षं लागतात आणि मला ते उपजत येतं, वर अंडीही फुटत नाहीत, असं कुदो-सानांचं म्हणणं.

"आणि बाकीचे काय करतात?" मृदुलानं विचारलं.

"ब्रश घेऊन दगडापुढचा बर्फ घासतात. म्हणजे दगड लांब जातो."

मृदुलानं माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "घरात कधी केरसुणीला हात लावला नाहीस. आता गावाचा बर्फ झाडायला चाललास?"

कुदो-सानांनी काय म्हणाल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, शुभेच्छा देतेय.

पहिल्या रविवारीच उघड झालं, की माझी कला फक्त अपघातानं होणारी होती. मुद्दाम करायला गेलो की मी एकीकडे आणि दगड दुसरीकडे. तिसऱ्या रविवारी दगड आपल्या जागी राहिला आणि मी एकटाच वर्तुळात जाऊन थांबलो, अगदी मधोमध. (मला गुण देत नाहीत.) मग माझ्या हातातला दगड काढून ब्रश देण्यात आला. ब्रश मारणाऱ्यांत माझ्या जोडीदार होत्या फुमि-सान, कुदो-सानांच्या सौभाग्यवती. वय बहात्तर. त्या बर्फ घासायला लागल्या की बर्फाला घाम फुटायचा, आणि मी त्यांच्या शेजारी धापा टाकत धावायचो. चौथे होरी-सान पोस्टमन. ते दिवसाला तीन शब्द बोलायचे, आणि त्यातले दोन बहुधा टपाल वाटतानाच संपायचे.

आता अस्वलाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच होतं.

क्लबाची दर हिवाळ्याच्या शेवटी स्पर्धा असते. बक्षीस म्हणजे एक लाकडी अस्वल. साधारण मांजराएवढं, तोंडात मासा धरलेलं. जो संघ जिंकेल त्याच्या कप्तानाच्या दुकानात ते वर्षभर राहतं. गेली कित्येक वर्षं ते कुदो-सानांच्या धाकट्या भावाच्या नूडल्सच्या दुकानात, सोया सॉसच्या बाटलीशेजारी बसून होतं. धाकटे कुदो माणूस दिलखुलास, आणि नूडल्स तर अशा की नाव काढावं. पण थोरल्यांनी प्रतिज्ञा केली होती, अस्वल तिथे आहे तोवर त्या दुकानात पाऊल टाकणार नाही. नूडल्सवाचून तर जीव राहत नव्हता. म्हणून फुमि-सान डबा घेऊन जायच्या. घरी येईपर्यंत नूडल्स रश्श्यात भिजून करंगळीएवढ्या फुगायच्या, आणि त्या गार, फुगलेल्या नूडल्स कुदो-सान मानानं खायचे. आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघे गेलेत, हा हिवाळा शेवटचा.

"एकदाच," ते मला केस कापता कापता म्हणाले. आरशाखालचं एक फळकुट त्यांनी रिकामं ठेवलं होतं, अस्वलाच्या मापाचं. दर सोमवारी ते पुसायचे. "एकदाच ते इथे बसलं पाहिजे."

इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. (मृदुला म्हणाली, त्यांनी तुझा खेळ पाहिलाय ना?)

खेळात मला सगळ्यात जड गेली ती वेगळीच गोष्ट. त्याला पंच नसतो. दगड सरकत असताना कोणाचा पाय किंवा ब्रश त्याला लागला तर तो दगड बाद. पण लागला हे ठरवणार कोण? ज्याचा लागला तो. त्यानं आपण होऊन हात वर करायचा. मी फुमि-सानना दोनदा विचारलं, की त्यानं हात वर केलाच नाही तर? त्यांना प्रश्नच कळेना. मी साताऱ्यात गल्ली क्रिकेट खेळून मोठा झालोय. तिथे तिन्ही स्टंप आडवे झाले तरी 'वाऱ्यानं पडले' म्हणायचा रिवाज होता आणि शेवटचा निकाल बॅट कोणाची यावर लागायचा. स्वतःच्या तोंडानं आउट म्हणणारा मुलगा आमच्या गल्लीत जन्मालाच आला नव्हता.

जानेवारीत आण्णा आले. माझे वडील. निवृत्त मुख्याध्यापक, वय एकोणऐंशी. त्यांना बर्फ बघायचा होता. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं, बर्फ पाहिला, "ठीक आहे" म्हणाले आणि पुढचे दोन महिने हीटरपाशी बसून इराला वळण लावायचं काम हाती घेतलं. ते काम त्यांनी माझ्यावर पूर्ण केलेलं होतं. जेवताना बोलायचं नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पाय लागला की नमस्कार. माणसाला, पुस्तकाला, दप्तराला, धान्याच्या पोत्याला, कशालाही पाय लागला की वाकून त्या वस्तूला हात लावायचा आणि तो छातीशी न्यायचा. विसरलं तर त्या दिवशी ताटात गोड नाही. श्रीखंडाच्या वाटीसाठी मी इतके नमस्कार घातलेत, की ती सवय माझ्या डोक्यात नाही, थेट हातात जाऊन बसली. एस.टी.त कंडक्टरच्या पायावर पाय पडला तरी हात आपला खाली.

"लागला असं नुसतं वाटलं तरी करावा," आण्णा इराला सांगत होते. "नमस्कारानं कोणाचं नुकसान होत नाही."

या वाक्याइतकं चुकीचं वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात दुसरं गेलं नसेल.

फेब्रुवारीच्या शेवटी स्पर्धा झाली. आम्ही दोन सामने जिंकलो. कसे, ते मलाही माहीत नाही. मी घासत होतो. अंतिम सामना भावाभावांचा. सगळं गाव काचेमागच्या गॅलरीत जमलेलं. आण्णा माकडटोपीत, मांडीवर रग, शेजारी इरा, आणि इराच्या शेजारी धाकट्या कुदोंची बायको. मृदुला मागच्या रांगेत थर्मास सांभाळत होती. आण्णांनी दगड पहिल्यांदाच जवळून पाहिला आणि म्हणाले, "हे तर जात्याचं वरचं पेड. दांडा तेवढा आडवा."

गुण बरोबरीत होते. शेवटचा दगड आमचा. धाकट्यांचा दगड मध्यापासून वीतभर अंतरावर बसला होता. आमचा त्याच्या आत गेला की अस्वल आमचं. कुदो-सान खाली बसले. त्यांचे गुडघे इतक्या जोरात वाजले, की होरी-साननी वळून पाहिलं. त्यांनी दगड सोडला आणि मला खेळातलं काही कळत नसूनही कळलं, की हा दगड बरोबर आहे.

फुमि-सान आणि मी घासत धावत सुटलो. अर्धी पट्टी, पाऊण पट्टी, वर्तुळाची कड. दगड मंदावला, कुदो-सान मागून ओरडले, मी शेवटचा जोर काढला आणि माझ्या डाव्या बुटाची कड दगडाला लागली.

किंचितच. दगडाला ते समजलंसुद्धा नसेल. तो आपल्या वाटेनं चालला होता. फुमि-सान पलीकडे मान खाली घालून घासत होत्या. होरी-सान लांब उभे होते. प्रेक्षकांकडे माझी पाठ. कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात गल्लीतला जुना शहाणा आवाज म्हणाला, गप्प बस. त्या फळकुटाचा विचार कर, त्या फुगलेल्या नूडल्सचा विचार कर. मी ठरवलं. पुरतं, पक्कं ठरवलं, की गप्प बसायचं.

आणि माझा हात खाली गेला.

ब्रश काखेत मारून, कमरेत वाकून, मी त्या सरकत्या दगडाच्या दिशेनं उजव्या हाताची बोटं नेली, ती छातीला लावली, आणि सवयीप्रमाणे डोळेही मिटले. डोळे उघडले तेव्हा दगड धाकट्यांच्या दगडाच्या आत, मध्यावर जाऊन थांबला होता. जिंकलेला दगड, आणि त्याच्यासमोर ओणवा मी. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

अजूनही वाचता आलं असतं. मी लोकांकडे वळून तोंड उघडलंच होतं. आमच्यात जिंकल्यावर दगडाचे आभार मानतात, असं काहीसं सांगणार होतो. पण तिकडे काचेमागे आण्णांना धडा द्यायची संधी दिसली. ते इराला म्हणाले, "बघितलंस? पाय लागला, तर तुझ्या बाबानं लगेच नमस्कार केला. आणि तू काल भूगोलाचं पुस्तक तुडवून तशीच गेलीस." इराला ते लागलं. तिनं हिरमुसून ते सगळं शेजारच्या काकूंना जपानीत सांगितलं. शेजारच्या काकू म्हणजे धाकट्या कुदोंची बायको. त्या उठल्या, काचेचं दार सरकवलं आणि तक्रारीच्या नव्हे, भारावलेल्या आवाजात नवऱ्याला सांगितलं, की त्यांचा पाय लागला होता आणि त्यांनी दगडाची माफी मागितली.

मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. हे सगळं व्हायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

दगड बाद झाला. अस्वल नूडल्सकडे राहिलं. आणि मग एक भयंकर गोष्ट घडली. धाकटे कुदो माझ्यासमोर आले आणि कमरेतून वाकले. त्यांचा संघ वाकला. होरी-सान वाकले. फुमि-सान वाकल्या. गॅलरीतले लोक उभे राहून वाकले. आण्णांनाही गर्दीबरोबर वाकावं लागलं, त्यात त्यांची माकडटोपी पडली. शेवटी कुदो-सान लंगडत आले. मला वाटलं, आता तरी चार शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "शिरीष-सान, माझ्या संघात तुमच्यासारखा माणूस आहे. अस्वलाचं काय एवढं?" त्यांचे डोळे भरले होते. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली, की त्याच पट्टीवर झोपावं आणि कोणीतरी मला ढकलून द्यावं, असं झालं.

पुढच्या आठवड्यात गल्लीचं माहितीपत्रक दारोदार फिरत आलं. कचऱ्याच्या वेळापत्रकाच्या वर माझा फोटो. ओणवा, डोळे मिटलेला, हात छातीवर. मग इराच्या शाळेतून आमंत्रण आलं, मुलांना प्रामाणिकपणावर चार शब्द सांगा. मला राहवेना. कुदो-सानांच्या खुर्चीत बसलो आणि सगळं खरं सांगून टाकलं.

"कुदो-सान, मी प्रामाणिक नाही. मी गप्प बसणार होतो. हात चुकून गेला."

वस्तरा थांबला. आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इतकी नम्रता," ते हळूच म्हणाले, "आजकाल कुठे बघायला मिळत नाही."

जपानात स्तुती झाली की 'छे, छे, मी कसला' असं म्हणायची रीत आहे, हे मी साफ विसरलो होतो. मी जेवढं म्हणत गेलो, की मी खोटारडा आहे, तेवढा माझा मोठेपणा वाढत गेला. फुमि-सानना सांगितलं, तर त्यांनी लोणच्याची बरणी दिली. धाकट्या कुदोंना सांगितलं, तर वाडग्यात एक अंडं जास्त आलं. होरी-सानना सांगितलं, तर ते चक्क पाच शब्द बोलले. शाळेत मुलांसमोर मी म्हटलं, की मी खरं तर फसवणार होतो, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल काढला.

घरात मात्र एका माणसानं ओळखलं. परत जायच्या आदल्या दिवशी आण्णा चहा पिता पिता म्हणाले, "शिऱ्या, तू लपवणार होतास ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या बाईनं सांगितल्यावर तू तोंड मिटलंस. शाळेत असताना पकडला गेलास की असंच मिटायचास." त्यांनी बशीतला चहा संपवला. "हाताला वळण लावलं मी. तोंडाचं राहूनच गेलं."

एवढं बोलून ते साताऱ्याला निघून गेले.

उन्हाळ्यापर्यंत ती रीत गावात पसरली. आधी क्लबात. कोणाचा पाय दगडाला लागला की वाकून बोटं लावायची आणि छातीशी न्यायची. मग क्लबाबाहेर. सुपरमार्केटमध्ये एका आजोबांची ढकलगाडी बटाट्याच्या पोत्याला लागली, तर त्यांनी पोत्याला नमस्कार केला. होरी-सान टपालपेट्यांना करू लागले. इराच्या वर्गात तर बाकाखाली पाय लागला की नमस्कार-परतनमस्कारात तास संपू लागले. मृदुला म्हणाली, तिच्या केंद्रात एक शास्त्रज्ञबाई कांद्याच्या रोपाला हात लावून छातीशी नेताना दिसल्या. इराला आता कोणी काही सांगावं लागत नाही. ती भूगोलाच्या पुस्तकाला नमस्कार करते आणि वर मला जपानीत विचारते, "बाबा, तू आज केलास का?"

कुदो-सानांनी डॉक्टरांना सांगितलं, अजून एक हिवाळा. गुडघ्यांना पट्टे बांधले आणि पुन्हा उभे राहिले. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा तेच दोघे भाऊ. या वेळी आमचा दगड मध्याशी बसला होता आणि शेवटचा दगड धाकट्यांचा. त्यांनी तो सोडला आणि उत्साहाच्या भरात स्वतःच ब्रश घेऊन त्याच्या मागोमाग धावत सुटले. दगड सुरेख येत होता. आमच्या दगडाच्या आत जाणार, हे मलासुद्धा दिसत होतं. कुदो-सानांनी डोळे मिटून घेतले होते.

आणि वर्तुळाच्या कडेशी धाकटे कुदो थांबले. आम्हाला कोणाला काही दिसलं नव्हतं. त्यांनी ब्रश काखेत मारला, वाकले, दगडाला बोटं लावली आणि ती छातीशी नेली.

थोरल्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर भाऊ उभा होता, कान लाल, चेहरा हसरा. दोघंही एकमेकांपुढे वाकले तेवढे. संध्याकाळी अस्वल फळकुटावर गेलं. ते बरोबर मापाचं निघालं. तिथून कुदो-सान तडक भावाच्या दुकानात गेले, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा, आणि वाफाळत्या नूडल्सचे तीन वाडगे संपवले. मी शेजारीच बसलो होतो. ते खाता खाता रडत होते आणि धाकटे कुदो त्यांच्याकडे पाठ करून कांदा चिरत होते. मला इतका आनंद झाला, की मी तिथूनच आण्णांना फोन लावला.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान झालं. आणि तू काय करत होतास?"

"घासत होतो, आण्णा."

"हात कुठे होते?"

"ब्रशवर. दोन्ही. घट्ट."

पलीकडून बशीतला चहा ओढल्याचा आवाज आला.

आता आण्णांपासून काय लपवायचं? त्याच सामन्यात, बऱ्याच आधी, आमच्या एका सरकत्या दगडाजवळून जाताना माझ्या बुटाला काहीतरी लागल्यासारखं वाटलं होतं. लागलं असेल, नसेलही. बुटाचं रबर जाड असतं. मी फक्त दोन्ही मुठी ब्रशवर आवळल्या आणि हाताला खाली जाऊ दिलं नाही.

हल्ली केस कापायला गेलो, की खुर्चीत बसण्याआधी मी त्या अस्वलाला वाकून बोटं लावतो आणि छातीशी नेतो. कुदो-सान प्रत्येक गिऱ्हाईकाला कौतुकानं सांगतात, की एवढा मोठा माणूस, पण एका लाकडी बक्षिसाला किती मान देतो. मी त्यांना कसं सांगू, की तो दगडाचा राहिलेला नमस्कार आहे? सांगून पाहिलं होतं एकदा. लोणच्याची आणखी एक बरणी मिळाली.